फोन धरणारा हात



आमच्या गावच्या गुरुजींकडे एक ट्रान्झिस्टर होता. आपल्यापैकी पन्नाशीच्या पुढच्या अनेकांनी तो पाहिला असेल. चामड्याचं कव्हर, पुढे जाळी आणि कोपऱ्यातून वर ओढायची चकचकीत दांडी. संध्याकाळी दिवेलागणीनंतर ते ओटीवर बसून शॉर्टवेव्हचा काटा केसाएवढा केसाएवढा सरकवत आणि 31 मीटरच्या पट्ट्यात कुठलंतरी दूरचं स्टेशन शोधत. आवाज जवळ यायचा आणि समुद्राच्या लाटेसारखा मागे जायचा. तो फारच मागे गेला की ते मला सांगायचे, "दांडीला बोट लाव." मी बोट लावलं की आवाज वर यायचा आणि काढलं की बुडायचा. मग कार्यक्रम संपेपर्यंत मी तसाच उभा. बोट हलवायचं नाही, पाय बदलायचा नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला वाटायचं, परदेशातला तो माणूस माझ्या बोटातून बोलतोय.

गेल्या मे महिन्यात मी आत्याकडे गेलो होतो. तिचं घर सह्याद्रीच्या पायथ्याशी, वहाळाच्या काठावर. फोन एका कापडी पिशवीत घालून तिने पडवीच्या वाशाला टांगला होता. फोन वाजला तेव्हा ती उठली, पिशवीत बोट घालून तिने हिरवं बटण सरकवलं, स्पीकर लावला आणि पिशवीकडे तोंड करून बोलू लागली. मी नकळत पिशवीला हात घातला, तशी ती घाईने म्हणाली, "हात नको लावूस रे. हात लावलास की तुटतो."

एकाच माणसाला एकाच आयुष्यात मिळालेल्या या दोन सूचना. लहानपणी बोट लाव, म्हातारपणी हात लावू नकोस. तीस वर्षं मी अभियांत्रिकी महाविद्यालयात अँटेना शिकवली, आणि या दोन वाक्यांच्या मधे माझा सगळा विषय आहे असं मला त्या पडवीत उभं असताना वाटलं. आज तेवढंच तुमच्यासमोर मांडणार आहे.

अँटेना म्हणजे मुळात एक धातूची तार. हवेतून रेडिओलहर येते तेव्हा तारेतले इलेक्ट्रॉन पुढे-मागे हलतात आणि त्या हालचालीतून संदेश मिळतो. 1887-88च्या सुमारास जर्मनीतल्या कार्ल्सरूहे इथे हाइनरिख हर्ट्झ यांनी प्रथम हे दाखवलं. त्यांचा ग्राहक म्हणजे तारेचं एक कडं होतं, त्यात बारीकशी फट. लहर आली की फटीत इवलीशी ठिणगी पडे, आणि ती पाहायला अंधारी खोली लागे. कड्याचं माप चुकलं की ठिणगी पडत नसे. माप महत्त्वाचं, हे त्या पहिल्या प्रयोगातच होतं. झोपाळ्याला ज्या लयीत झोका मिळतो त्याच लयीत पुन्हा ढकललं तर तो उंच जातो. तारेचंही तसंच आहे. लहरीच्या लांबीच्या साधारण निम्मी किंवा पाव लांबी असली की तार त्या लहरीला पुरती साथ देते.

आता गुरुजींच्या ट्रान्झिस्टरकडे पाहा. लहर 31 मीटरची, म्हणजे पाव लांबी पावणेआठ मीटर. दांडी जेमतेम मीटरभर. ती फारच आखूड पडत होती. मी बोट लावलं की त्या दांडीला चार फूट उंचीचा, मिठाच्या पाण्याने भरलेला एक मुलगा जोडला जाई. माणसाचं शरीर वीज बरीच वाहून नेतं, त्यामुळे दांडी तेवढी लांब होई. गुरुजींनी पुढे आंब्यापासून कौलाच्या आढ्यापर्यंत तांब्याची तार बांधली, दोन्ही टोकांना चिनीमातीचे पांढरे गुटके लावून, तेव्हा माझी सुट्टी झाली. तार माझ्यापेक्षा लांब होती.

मोबाइलची लहर याच्या तुलनेत केवढी? 900 मेगाहर्ट्झची लहर 33 सेंटिमीटरची, तिचा पाव भाग 8 सेंटिमीटरच्या थोडा पुढे. 1800 मेगाहर्ट्झला तो चार सेंटिमीटरवर येतो, आणि फाइव्ह-जीच्या 3300 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात दोन-सव्वादोन सेंटिमीटरवर. आता आपला हात डोळ्यांसमोर धरा आणि चार बोटांच्या मुळाशी तळहाताची रुंदी बघा. आठ सेंटिमीटरच्या आसपास भरेल. ज्या अवयवाने आपण फोन धरतो तो लहरीच्याच मापाचा आहे. तिकडे शरीर लहरीपुढे एवढंसं होतं, म्हणून त्याची फक्त लांबी कामाला आली. इकडे हात लहरीएवढाच मोठा, अँटेनेला चिकटलेला आणि खारट पाण्याने भरलेला. तो एकाच वेळी दोन गोष्टी करतो. एक, अँटेना ज्या सुरात लावलेली असते तो सूर उतरवतो. तबल्याच्या पुडीवर ओला पंजा ठेवला की जे होतं तेच. आणि दोन, लहरीची ऊर्जा शोषून तिची अगदी किंचित उष्णता करतो. आत्याचं म्हणणं शास्त्राला धरूनच होतं.

ही अडचण पूर्वी नव्हती का? होती, पण तेव्हा अँटेना हातापासून दूर होती. 3 एप्रिल 1973 रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभं राहून मोटोरोलाच्या मार्टिन कूपर यांनी हातातल्या फोनवरून पहिला कॉल केला, तोही प्रतिस्पर्धी असलेल्या बेल लॅब्जच्या जोएल एंजेल यांना. तो फोन विटेएवढा होता आणि त्याची अँटेना डोक्याच्या वर येत असे. बाजारात तो 1983मध्ये आला, किंमत 3,995 डॉलर. आपल्याकडे 31 जुलै 1995ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल लावला, त्यानंतरच्या चार-पाच वर्षांतले फोन तुम्हाला आठवत असतील. वर एक काळं रबरी बोंडूक असे, किंवा ओढून काढायची काडी. ती काडी अनेकांनी मोडली आणि चिकटपट्टीने बांधली. पण ती जागच्या जागी होती, आणि तिला कोणी मुठीत धरत नसे.

मग ती दिसेनाशी झाली. 1998-99च्या सुमारास नोकियाचे 8810 आणि 3210 आले आणि लोकांना वाटलं, आता अँटेना लागत नाही. ती लागतेच. आत पाठीच्या प्लास्टिकखाली एक पत्र्याची आकृती बसवली होती, आडव्या पडलेल्या इंग्रजी 'एफ' अक्षरासारखी. आजचा फोन उघडला तर ती एकटी नाही. मी विद्यार्थ्यांना नेहमी जुना फोन उघडायला लावायचो. मागचं झाकण सोडवलं की कडेकडेने प्लास्टिकवर छापल्यासारख्या सोनेरी-तपकिरी नागमोडी पट्ट्या दिसतात. एक कॉलसाठी, दुसरी तिला आधार द्यायला, एक वायफायची, एक जीपीएसची. मदरबोर्डवर तांदळाच्या कणीएवढ्या सोनेरी स्प्रिंगा असतात, त्या या पट्ट्यांना टेकतात. टेकतात एवढंच, झाळलेल्या नसतात. खालून वर एक दोऱ्याएवढी बारीक केबल गेलेली असते आणि तिच्या टोकाला प्रेसबटणासारखा टिचका. स्क्रीन बदलून आणल्यावर "रेंज गेली" अशी तक्रार घेऊन माझ्याकडे कितीतरी शेजारी आले. दर दुसऱ्या फोनमधे तो टिचका नीट दाबलेला नसायचा, नाहीतर एखादी स्प्रिंग वाकलेली असायची. माझाच फोन एकदा असा झाला. दुकानदार मला नवा बोर्ड विकायला निघाला होता. मी घरी येऊन दातकोरणीने स्प्रिंग वर केली आणि फोन बोलू लागला. तुमच्यापैकी कोणी दुरुस्तीचं काम करत असेल तर कृपा करून झाकण लावण्याआधी त्या स्प्रिंगांकडे एक नजर टाका.

अँटेना आत नेण्याची किंमत मात्र मोजावी लागते. ती किती, याचा हिशेब अमेरिकेत हॅरॉल्ड व्हीलर यांनी 1947मध्ये आणि लॅन जेन चू यांनी 1948मध्ये मांडला. साध्या भाषेत तो असा. अँटेना लहरीच्या मानाने जितकी लहान कराल तितकी ती एकाच सुराला जखडली जाईल. तिने अनेक सुरांवर काम करावं असं वाटत असेल, तर ती अशक्त होईल. लहान, सशक्त आणि अनेक सुरांची, या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत, कितीही पैसे खर्च केले तरी. आजच्या फोनला 700 मेगाहर्ट्झपासून 3,600च्या पुढपर्यंत बोलावं लागतं, आणि ग्राहकाला तो पातळ हवा, काचेचा हवा, कडा धातूच्या हव्यात. अँटेना बसवणाऱ्या अभियंत्याला बाकी सगळ्यांनी वापरून उरलेल्या जागेत संसार मांडायचा असतो. कॅमेऱ्याला जागा मिळते, बॅटरीला मिळते, स्पीकरला मिळते. मग उरलेल्या कडेला अँटेना. या व्यवसायातल्या माणसांबद्दल मला फार आदर आहे. त्यांचं काम जमलं की कोणाला दिसत नाही, आणि फसलं की सगळ्या जगाला दिसतं.

ते फसलेलं एकदा खरोखरच सगळ्या जगाने पाहिलं, आणि त्यावर मी जरा थांबणार आहे.

24 जून 2010 रोजी ॲपलचा आयफोन 4 बाजारात आला. त्याच्या भोवती स्टेनलेस स्टीलची एक पट्टी होती. ती पट्टी हाच फोनचा सांगाडा आणि तीच अँटेना. मला आजही ती कल्पना सुंदर वाटते. आत जागा नाही ना, मग अँटेना बाहेर, चारी बाजूंनी हवेला उघडी. पट्टीला फटी पाडून तिचे तुकडे केले होते. एक तुकडा वायफाय, ब्लूटूथ आणि जीपीएससाठी, दुसरा मोठा तुकडा कॉलसाठी. यातली एक फट खाली डाव्या कडेला होती. डाव्या हातात फोन धरला की तळव्याचा मांसल भाग नेमका तिथे येतो. उजव्या हाताने लिहिणारी बहुतेक माणसं बोलताना फोन डाव्या हातात घेतात. तळवा त्या फटीवर आला की दोन तुकडे चामडीने जोडले जात आणि दोन्हींचा सूर बिघडत असे. काही दिवसांतच तक्रारी सुरू झाल्या. एका ग्राहकाला ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी ई-मेलवर कळवलं की फोन तसा धरू नका.

आनंदटेक या संकेतस्थळाने फोनच्या आतलं खरं मोजमाप बाहेर काढलं. नेहमीसारखा धरला की सिग्नल सुमारे 20 डेसिबलने पडत होता, घट्ट मुठीत धरला की 24 डेसिबलपेक्षा थोडा अधिक. डेसिबलचा हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे. 10 डेसिबल म्हणजे दहावा हिस्सा, 20 म्हणजे शंभरावा. फोन नुसता हातात घेतला तर शंभरातले नव्व्याण्णव भाग गेले. न्यायाने हेही सांगायला हवं की घट्ट मुठीत धरल्यावर आधीच्या आयफोनमधेही 14 डेसिबल जात होते आणि गूगलच्या नेक्सस वनमधे 17च्या पुढे. हात सगळ्यांनाच नडत होता. इथे तो अधिक नडला, कारण अँटेना उघडी होती आणि चामडी थेट धातूला लागत होती.

पण माझ्या मते खरी गोष्ट पुढेच आहे. फोनच्या वरच्या कोपऱ्यात ज्या पाच दांड्या दिसतात, त्यांचा अर्थ काय? सिग्नल डेसिबल-मिलिवॅटमधे उणे आकड्यांत मोजतात, उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल क्षीण. त्या मोजमापात असं दिसलं की उणे 51पासून उणे 91 डेसिबल-मिलिवॅटपर्यंत फोन पाचच्या पाच दांड्या दाखवत होता. चाळीस डेसिबल. वरच्या टोकाला खालच्या टोकाच्या दहा हजार पट सिग्नल, आणि दोन्हीकडे दांड्या पाचच. उरलेल्या चार दांड्या मिळून पुढच्या बावीस डेसिबलमधे कोंबलेल्या. म्हणजे टॉवरच्या बुडाशी उभा असलेला माणूस वीस डेसिबल गमावूनही पाच दांड्या पाहत राही. आणि उणे नव्वदवर उभा असलेला, ज्याला पाच दांड्या पाहून निर्धास्त वाटत होतं, त्याने फोन हातात घेतला की दांड्या एकामागून एक उतरून शेवटच्या एकीवर येत. त्याला वाटे, फोनने दगा दिला. दगा आधीच झाला होता. त्याच्याकडे एवढी रेंज कधी नव्हतीच.

2 जुलैला कंपनीने पत्रक काढून कबूल केलं की दांड्यांचं सूत्रच चुकीचं होतं आणि फोन बऱ्याचदा दोन दांड्या जास्त दाखवत होता. 12 जुलैला ग्राहकांसाठी वस्तू तपासणाऱ्या कन्झ्युमर रिपोर्ट्सने जाहीर केलं की आम्ही या फोनची शिफारस करू शकत नाही, आणि फटीवर जाड चिकटपट्टी लावा असा उपायही सांगितला. 16 जुलैला जॉब्स यांनी पत्रकार परिषद घेतली. दुसऱ्या कंपन्यांचे फोनही मुठीत धरल्यावर दांड्या गमावतात हे दाखवलं, आणि प्रत्येक ग्राहकाला रबरी कडा असलेलं कव्हर फुकट देऊ केलं. कव्हराने चामडी आणि धातू यांच्यामधे थोडंसं अंतर पडतं, तेवढ्याने बराच फरक होतो. पुढच्या वर्षीच्या आयफोन 4एसमधे दोन अँटेना ठेवल्या आणि जी झाकली जाईल ती सोडून दुसरीकडे जाण्याची सोय केली. आज बहुतेक चांगले फोन हेच करतात. हात बदलला की फोन आतल्या आत अँटेना बदलतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

त्याच पत्रकार परिषदेत कंपनीने आपल्या चाचणीच्या खोल्या दाखवल्या. भिंतींवर निळे फोमचे सुळके, आत प्रतिध्वनी शून्य. अशा सतरा खोल्या होत्या. दहा कोटी डॉलर खर्च झाल्याचं सांगितलं गेलं. तसल्या खोल्या मला ठाऊक आहेत, तशाच एका लहानशा खोलीत माझी उमेदीची वर्षं गेली. तिथे अँटेना खांबावर बसवून गोल फिरवतात आणि तिचं खरं रूप समजतं. पण ते रूप खांबावरचं असतं. फोन जन्मभर खांबावर राहणार नाही, तो कोणाच्या तरी घामेजलेल्या हातात, कोणाच्या तरी कानाशी राहणार आहे. म्हणून आता प्रमाणित चाचण्यांमधे माणसाच्या हातासारखा, तशाच विद्युत गुणांचा कृत्रिम हात वापरतात. मी विद्यार्थ्यांना सांगत असे, तुमच्या आकृतीत हात काढलेला नसेल तर ती अँटेनेची आकृती अपुरी आहे.

आता गुरुजींच्या वहीकडे येतो. ती वही त्यांच्या सूनबाईंनी आज इथे टेबलावर ठेवली आहे, कार्यक्रमानंतर जरूर पाहा. गुरुजी परदेशी स्टेशनांना श्रवण-अहवाल पाठवत. जपान, हॉलंड, जर्मनी. तारीख, वेळ, मीटर, कार्यक्रमात काय ऐकलं, आणि शेवटी पाच आकडे. पहिला आवाजाच्या जोराचा, दुसरा शेजारच्या स्टेशनच्या घुसखोरीचा, तिसरा खरखरीचा, चौथा चढउताराचा आणि पाचवा एकूण. प्रत्येकाला एक ते पाच गुण, पाच म्हणजे उत्तम. अहवाल बरोबर निघाला की स्टेशनकडून छापील कार्ड येई. त्या कार्डांचा त्यांना किती आनंद होता ते या गावाने पाहिलं आहे. मी एकदा म्हटलं, "गुरुजी, पाच-पाच लिहा ना, त्यांना बरं वाटेल." ते म्हणाले, "त्यांना बरं वाटायला नाही रे लिहायचं. तिथला इंजिनियर माझ्या आकड्यावर त्याचा एरियल फिरवणार आहे." वहीची पानं चाळून बघा. पाचांमधे पाच क्वचितच आहेत. तीन आहेत, दोन आहेत, पावसाळ्यात विजा चमकत असतील तेव्हा खरखरीच्या रकान्यात एकही आहे.

पाच दांड्यांच्या मागे हीच पाचाची मोजणी आहे, आणि ती कोणासाठी करायची यावर सगळं ठरतं. ज्याला विकायचं आहे त्याच्यासाठी केली तर चाळीस डेसिबल एका दांडीत मावतात.

किती थोड्यावर हा सगळा खेळ चालतो, त्याची कल्पना द्यायला हवी. फोनला उणे 100 डेसिबल-मिलिवॅट सिग्नल मिळतो तेव्हा त्याच्या वाट्याला एका वॅटचा दहा लाख कोटीवा भाग येत असतो, आणि तेवढ्यावर तो तुमच्या मुलीचा आवाज ओळखीचा करून देतो. याहून अशक्त गोष्टी ऐकणारी माणसं आपल्याच महाराष्ट्रात आहेत. नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभारलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, ताणलेल्या दोरांवर बसवलेल्या बारीक तारांच्या जाळीच्या. आकाशगंगांकडून येणारा रेडिओ आवाज इतका क्षीण असतो की कोणी चंद्रावर उभं राहून जुन्या दोन वॅटच्या फोनवर बोललं, तर तो फोन त्या दुर्बिणीला आकाशातल्या सर्वांत प्रखर स्रोतांपैकी एक वाटेल. ती जागा निवडताना रेडिओ गोंगाट कमी असणं हे एक कारण होतं. आता भोवती टॉवर आले, लोकांना ते हवेही आहेत, आणि खगोलशास्त्रज्ञांना मोबाइलचे पट्टे गाळून ऐकावं लागतं. मी विद्यार्थ्यांना घेऊन जायचो तेव्हा आत शिरण्याआधी सगळ्यांचे फोन बंद करून घेत असे. एक मुलगी म्हणाली, "सर, इथे रेंज नसणं हीच रेंज आहे." तिचं ते वाक्य मी पुढे वर्गात अनेकदा वापरलं.

आत्याच्या पडवीकडे परत जाऊ. टॉवर पलीकडच्या सड्यावर, मधे डोंगराची सोंड. 900ची लहर सोंडेवरून थोडी वाकून खाली उतरते, 2300ची तेवढी वाकत नाही, म्हणून दरीत फोर-जी जातं आणि साधा कॉल कसाबसा राहतो. घराची भिंत जांभ्याची, दीड फुटाची, आणि जांभा सच्छिद्र. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि ओली भिंत सिग्नल गिळते. पूर्वी वर कौलं होती, ती सिग्नलला बऱ्यापैकी वाट देत. आता पावसाला कंटाळून घरोघर पत्रा आला. पत्रा म्हणजे धातूची भिंत. वरून उतरणारी लहर तिथेच परतते. मला भेटलेल्या कित्येकांनी सांगितलं की पत्रा घातला त्या वर्षापासून आतल्या खोलीत फोन लागत नाही, आणि त्यांना वाटत होतं कंपनीने टॉवर कमी केला.

पावसाचं म्हणाल तर तो खुद्द मोबाइलच्या लहरीला जवळजवळ अडवत नाही. थेंब काही मिलिमीटरचा, लहर तीस सेंटिमीटरची. ओली झाडी मात्र अडवते. मग मुसळधार पावसात रेंज का जाते? कारण आपल्या टॉवरला पुढच्या टॉवरशी बोलावं लागतं. जिथे ऑप्टिकल फायबर पोचलेली नाही तिथे ते बोलणं गोल डबीसारख्या तबकड्यांतून, 15 किंवा 18 गिगाहर्ट्झवर चालतं. तिथे लहर दोन सेंटिमीटरच्या आत येते आणि थेंब तिला खातात. त्यात वीज गेलेली, टॉवरची बॅटरी उतरलेली, आणि डिझेल घेऊन येणारी गाडी घाटात अडकलेली. फोनमधे दोन दांड्या दिसतात आणि कॉल लागत नाही, कारण टॉवर आपल्याला ऐकतो पण त्याचं पुढे कोणी ऐकत नाही. फोन धरून अंगणात फिरण्याचा अशा वेळी काही उपयोग नसतो.

एरवी मात्र फिरण्याचा उपयोग असतो. डोंगरावरून, भिंतीवरून, पत्र्यावरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात. कुठे त्या एकमेकींना साथ देतात, कुठे एकमेकींना पुसतात. 900 मेगाहर्ट्झला असे खड्डे साधारण सोळा-सतरा सेंटिमीटरवर पडतात, म्हणजे वीतभर सरकलं तरी फरक होतो. आत्याने तो वासा काही मोजून शोधला नव्हता. दोन वर्षं रोज बोलता बोलता तिने आपल्या घरातला उंचवटा शोधला, आणि हात दूर ठेवायलाही शिकली. 2020 साली शाळा-कॉलेजं बंद झाली तेव्हा कोकणातली मुलं डोंगरावर खोप बांधून, छत्री धरून अभ्यासाला बसली, तीही असेच उंचवटे शोधत होती. केंद्र सरकारने जुलै 2022मध्ये 24,680 गावांत फोर-जी नेण्याची योजना मंजूर केली. तिचं मी मनापासून स्वागत करतो. पण गाव यादीत आलं म्हणजे माजघरात रेंज आली असं होत नाही, हे योजना आखणाऱ्यांनी एक पावसाळा एखाद्या जांभ्याच्या घरात राहून पाहावं.

दोन गोष्टींबद्दल कळकळीने सांगायचं आहे. पहिली बूस्टरची. बाजारात फोनच्या पाठीला लावायचे सोनेरी स्टिकर मिळतात, त्यांनी काहीही होत नाही. आणि छपरावर लावायचे विनापरवाना बूस्टर मिळतात, त्यांनी फार होतं. ते सगळ्या दिशांना गोंगाट ओततात, टॉवरचे कान बधिर करतात आणि एका घराच्या सोयीसाठी आळीतल्या पन्नास घरांचे कॉल तोडतात. असा बूस्टर बसवणं बेकायदा आहे. मी शेजाऱ्यांशी यावरून वाद घातला आहे आणि पुन्हा घालीन.

दुसरी भीतीची. पुण्या-मुंबईतल्या सोसायट्यांमधे टॉवर नको म्हणून सभा होतात. भीती खरी असते, तिला हसू नये. पण हिशेब समोर ठेवावा. आपल्याकडे सप्टेंबर 2012पासून टॉवरच्या प्रारणाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. टॉवर आपला झोत दीपगृहासारखा समोर फेकतो, पायाशी फारच थोडा. उलट फोन कानाशी असतो. टॉवर जवळ असेल तर तो कुजबुजतो, दूर असेल तर ओरडतो. जुना जीएसएम फोन गरजेप्रमाणे काही मिलिवॅटपासून थेट दोन वॅटपर्यंत जायचा, आणि हाताने अँटेना झाकली की आणखी जोर लावायचा. दरीतल्या गावात बॅटरी दुपारीच का उतरते, त्याचं कारण हेच. टॉवर दूर लोटला तर आपल्या डोक्याशी असलेलं यंत्र अधिक जोराने बोलतं. सभेत हे मांडलं की लोक शांतपणे ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

शेवटी एक मागणी. फोनवर तारा-चौकट-शून्य-सात-चौकट दाबलं की आपल्या डोक्यात किती ऊर्जा शोषली जाते तो आकडा दिसतो. भारतात त्याची मर्यादा किलोला 1.6 वॅट आहे. तो आकडा लोकांना मिळावा म्हणून कोणीतरी भांडलं, म्हणून तो मिळाला. कॅमेरा किती मेगापिक्सेल, बॅटरी किती हे खोक्यावर ठळक छापलेलं असतं. मग हा फोन डाव्या हातात धरल्यावर किती ऐकतो, उजव्या हातात किती, कानाशी किती, हे का छापू नये? चाचण्या होतात, कृत्रिम हात आहे, आकडे कंपन्यांच्या कपाटात आहेत. शहरातल्या माणसाला पाच डेसिबलचा फरक कळणारही नाही. दरीतल्या बाईला तेवढ्यात रुग्णवाहिका बोलावता येते किंवा येत नाही. हा आकडा खोक्यावर यावा म्हणून मी पत्रं लिहितो आहे. हा कार्यक्रम घेणाऱ्या या वाचनालयानेही एक लिहावं, अशी माझी विनंती आहे.

त्या मे महिन्यात मी दोन दिवस आत्याच्या घरात फोन घेऊन फिरलो. फोनच्या सेटिंगमधे, 'फोनविषयी' या पानात आत गेलं की सिम स्टेटसखाली खरा आकडा सापडतो, तो उघडून ठेवला होता. परत आल्यावर सूनबाईंकडून गुरुजींची वही मागून घेतली आणि तिच्या कोऱ्या राहिलेल्या एका पानावर त्यांच्याच पद्धतीने नोंद केली. ती तेवढी वाचून दाखवतो.

19 मे, सकाळी 7.40. आभाळ स्वच्छ. माजघर, उणे 117, कॉल लागला नाही. ओटी, उणे 111, आवाज तुटत. पडवी, तिसरा वासा, पिशवीत, उणे 99, स्पष्ट. तिथेच, माझ्या हातात, उणे 108. तिथेच, आत्याच्या हातात, तिने फोन वरच्या टोकाला दोन बोटांनी धरलेला, उणे 101. एकूण गुण, तीन.